खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

पहाटे साडेपाच

खंडेनवमीला आमच्या बेंबळी गावात घरोघर हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. खुरपी, विळे, कुऱ्हाड, पहार, आणि आता त्यांच्याच रांगेत फवारणीचा पंप. दाराशी ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टर, नसेल तर मोटारसायकल. तिला हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, चाकापुढे नारळ फुटतो. हार घालायच्या आधी तिची सेवा झालेली असावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून अष्टमीचा सबंध दिवस माझ्या स्प्लेंडरचा.

गावाकडं मोटारसायकल ही फिरायची वस्तू राहिलेली नाही, ती शेतीचं अवजार झाली आहे. तिच्यावर दुधाचे कॅन जातात, कडब्याच्या पेंढ्या जातात, बियाण्याच्या पिशव्या जातात, शाळेची लेकरं जातात. कंपनीच्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक चांगलंच असतं, पण ते डांबरी रस्ता धरून लिहिलेलं. काळ्या रानातल्या पाणंदीचं वेळापत्रक कुणी छापून देत नाही. ते आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी वाचावं लागतं, आणि म्हणूनच ही कामं घरी, स्वतः करण्यात अर्थ आहे.

दिवसाचा क्रम घड्याळ ठरवत नाही, इंजिनची ऊब ठरवते. काही कामं इंजिन गार असतानाच होतात, काही गरम असतानाच. टॅपेटची फट गार इंजिनवर मोजायची, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला किक मारण्याआधी. साडेसहाला दूध घेऊन निघायचं, त्यामुळे हातात तासभर मिळतो.

डबल स्टँडवर गाडी घ्यायची, प्लग काढायचा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. डाव्या कव्हरवरची दोन गोल झाकणं उघडली की एकातून मॅग्नेट फिरवता येतं आणि दुसऱ्या खिडकीतून त्यावरची ‘टी’ अक्षराची खूण दिसते. खूण खाचेशी जुळली की हेडवरची टॅपेटची दोन्ही झाकणं काढून रॉकर बोटाने हलवून बघायचे. दोन्ही किंचित खेळले तर बरोबर. नाही खेळले तर मॅग्नेटला आणखी एक पूर्ण फेरा. माझ्या मॉडेलला दोन्ही व्हॉल्व्हना ०.०८ मिलिमीटर फट लागते. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, तो पुस्तिकेत बघावा, शेजाऱ्याला विचारू नये. फिलर गेजची पाती फटीतून ओढताना थोडी अडखळत यायला हवी. मग नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट बदलते. हे दुसरं मोजणं बहुतेक जण गाळतात.

गावात टॅपेटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. टॅपेट टकटक वाजलं की पोरं ते आवळून घेतात आणि इंजिन शांत झालं म्हणून खूश होतात. वाजणारं टॅपेट निदान सांगत तरी असतं. जास्त आवळलेलं टॅपेट काहीच बोलत नाही. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, फट उरत नाही, तो पुरता बसत नाही आणि जळत जातो. गाडी सकाळी एका किकमध्ये चालू होते, पण दुपारी भर उन्हात थांबवून पुन्हा चालू करायला गेलं की घाम काढते. मग दोष पेट्रोलवर जातो, प्लगवर जातो.

गार असतानाचं दुसरं काम हवेचं. टायर चालून तापला की आतला दाब वाढतो आणि पंपावरचा काटा फसवा आकडा दाखवतो. म्हणून घरी पायाने मारायचा पंप आणि एक गेज ठेवलं आहे. पुढच्याला २५, मागच्याला एकट्यासाठी २८, आणि मागं माणूस बसणार असेल तर ४०. हा शेवटचा आकडा आमच्याकडं जवळजवळ कुणी पाळत नाही, आणि आमच्याकडंच तो सगळ्यात जास्त लागतो. या गाडीवर एकूण भार १३० किलोचा धरला आहे. डीएपीची पिशवी ५० किलोची. दोन पिशव्या आडव्या टाकून माणूस बसला की हिशेब संपून वर तीसेक किलो होतात. युरियाची पिशवी २०१८ पासून ४५ किलोची झाली, तेवढाच दिलासा. भार कमी करा असं मी कुणाला सांगत नाही, कारण रानात पिशवी पोचवायला दुसरं साधन नसतं. पण हवा तरी भाराप्रमाणे भरा. कमी हवेच्या टायरची बाजू दुमडून दुमडून फाटते, आतली ट्यूब सरकते आणि वॉलपाशी चिरते.

सकाळी साडेसहा

प्लग बसवून, झाकणं लावून कॅन बांधले. डेअरीपर्यंत आणि परत एवढ्या फेरीत इंजिन पुरतं गरम होतं, पुढच्या कामाला तेच हवं असतं. जाताना मी रेडिओसुद्धा ऐकत नाही. गाडी काय बोलते ते ऐकायची ही वेळ असते. तिसऱ्या गिअरवर सोडलं की चेन कव्हरला घासते का, खड्ड्यातून जाताना मागून खडखड येते का, पुढचा ब्रेक दाबला की हँडल एका अंगाला ओढतं का.

परतताना रस्त्याने तुळजापूरकडं चालत निघालेली माणसं भेटतात. नवरात्रात या भागातले सगळे रस्ते तिकडंच वळतात. घटस्थापनेच्या आधी मंडळांची पोरं तुळजापूरहून ज्योत पळवत आणतात. पळणारे पुढं आणि मोटारसायकली मागं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, तासन् तास. आपली बहुतेक इंजिनं वाऱ्याने गार होणारी. वेग नाही तर वारा नाही. अर्धा क्लच दाबून चालवलेल्या त्या एका रात्रीत प्लेटांची जी झीज होते ती एरवी कित्येक दिवसांत होत नाही. ज्योत आणून झाल्यावर निदान ऑईल बघा, क्लचचा खेळ बघा, असं मी मंडळातल्या पोरांना आवर्जून सांगतो. आता ऐकतात.

पावणेआठ

गरम ऑईल पातळ असतं आणि तळाला बसलेली घाण घेऊन बाहेर पडतं, म्हणून आल्या आल्या खालचा बोल्ट. जुना टोप खाली, वर ऑईल भरायचं झाकण उघडं, म्हणजे हवा आत येते आणि धार सलग पडते. बोल्टचे आटे ॲल्युमिनियमच्या इंजिनमध्ये आहेत. बसवताना आधी बोटांनी फिरवायचा, वॉशर नवा टाकायचा, आणि पाना छोटा घ्यायचा. लांब पान्याने जोर लावून आटे गेले की ते काम घरात होत नाही.

पडलेलं ऑईल दोन बोटांत चोळून बघायचं. काळं असणं हा दोष नाही, घाण उचलून धरणं हेच त्याचं काम. चोळताना कचकच लागली, उजेडात बारीक चमक दिसली, तर आत काहीतरी झिजतं आहे. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळते आहे. आणि रंग दुधाळ झाला तर आत पाणी गेलं.

हे दुधाळ ऑईल ओळखता येणं आमच्या जिल्ह्याला आता फार गरजेचं झालं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, परंडा-भूमकडं गावंच्या गावं पाण्यात गेली. पाण्यात बुडालेली गाडी बाहेर काढली की माणसाचा पाय आधी किकवर जातो, आणि तिथंच नुकसान होतं. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावा, मग हळूच किक देऊन पाणी बाहेर उडवावं. ऑईल काढून टाकावं, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, टाकीतलं पेट्रोलही. साधं नवं ऑईल भरून थोडा वेळ चालवून ते पुन्हा बदलावं. एवढं घरी जमतं, आणि मिस्त्रीकडं पन्नास गाड्यांची रांग असते तेव्हा हेच इंजिन वाचवतं.

नवं ऑईल भरताना घरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या डब्याकडं हात जातो. जाऊ देऊ नये. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. बाटलीवर १०-डब्ल्यू-३० आणि जासो एमए किंवा एमए-२ हे शब्द असतील तर ते ऑईल ओल्या क्लचसाठी बनवलेलं. ट्रॅक्टरचं किंवा कारचं ऑईल त्या हिशेबाने बनवलेलं नसतं, त्यावर क्लच सटकू शकतो. बाटली ९०० मिलीची मिळते, पण सगळी एकदम ओतायची नाही. थोडी मागं ठेवायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करून तेवढाच वेळ थांबायचं, मग गाडी सरळ उभी असताना काडीने मोजायचं. काडी आट्यात फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवायची. फिरवून मोजली की ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो.

या इंजिनात कागदी ऑईल फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि एक फिरतं भांडं, घाण त्यात कडेला चिकटते. ती साफ करायला क्लचकडचं कव्हर उघडावं लागतं, गॅस्केट नवं लागतं. ते मी मिस्त्रीकडं करून घेतो. घरी काय करायचं नाही हेही पक्कं ठरलेलं असावं. माझ्या यादीत क्लच प्लेट, बोअर आणि हँडलचा कोन सेट ही कामं नाहीत. घरची देखभाल मिस्त्रीचं पोट मारत नाही. उलट त्याच्यापुढं गाडी नेताना नेमकं काय दुखतं ते सांगता येतं.

नऊ

इंजिन निवलं की धुणं. तापल्या इंजिनवर गार पाणी मारायचं नाही.

काळी माती धुणं हे वेगळंच काम आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि दगड होते. पावसाळ्यात पाणंदीतून चाललं की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती भरत जाते, आणि थोड्या अंतरावर चाक जागीच आवळून बसतं. आमच्याकडं गाडीसोबत एक लाकडी काठी असते ती एवढ्यासाठी. लोखंडी सळई किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला की रंग जातो, तिथून पत्रा गंजतो.

पण मडगार्डमधली माती निदान दिसते. खरी वाईट ती इंजिनच्या पात्यांमध्ये वाळलेली. त्या पात्यांवरून वारा जातो म्हणून इंजिन गार राहतं. त्यांच्या फटी मातीने बुजल्या की इंजिनने आपल्या अंगावर गोधडी घेतल्यासारखं होतं. गाडी जोर कमी देते, ऑईल लवकर जळतं, आणि बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून हार घालायला टाकी चमकवण्याआधी मी खाली वाकून या फटी जुन्या दातब्रशने मोकळ्या करतो.

पाणी दोन बादल्या, त्याहून जास्त नाही. हा दुष्काळी मुलूख आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना नळी सोडून गाडी धुववत नाही. आणि कमी पाणी गाडीच्याही भल्याचं आहे. सर्व्हिस सेंटरसारखा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारला की पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. ओलं फडकं टाकून माती भिजू द्यायची, मग पुसून काढायची. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालायचा, आणि काढायचा विसरायचा नाही.

गाडी उन्हात उभी करून न्याहारी. नऊ दिवसांचा उपवास असतो, त्यामुळे भगर आणि शेंगदाण्याची आमटी. घटापाशी शेतातून आणलेल्या मातीत धान्य तरारलेलं असतं. बाहेर गाडीच्या पात्यांमधून निघाली तीही हीच माती.

साडेदहा

चेन. या गाडीवर सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवावा असं कुणी विचारलं तर मी चेनवरच बोट ठेवीन.

स्प्लेंडरची चेन बंद कव्हरात असते. शहरात ते वरदान, आमच्याकडं अर्धंच. एकदा आत गेलेली माती तिथून बाहेर पडत नाही, ती चेनसोबत फिरत राहते. कव्हर उघडून बघितलं तेव्हाच कळतं. पावसाळा संपल्यावर मी दोन्ही भाग काढतो. रेशनचं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून धुवायला डिझेल आणि ब्रश. पेट्रोल नाही.

पुतण्या मदतीला बसला होता. तो म्हणाला, “काका, गाडी चालू करून पहिल्या गेरात टाकू का? चाक फिरायलंय तवर चेन पुसून घेतो.”

“बोटं जात्यात बाबा अशानं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, आन् चाक हातानं फिरवायचं.”

“वेळ लागंल.”

“लागू दे.”

फिरत्या चेनमध्ये फडकं अडकलं की फडक्यामागं हात जातो, आणि तो मागं ओढायला क्षणही मिळत नाही. चेन साफ करणाऱ्या प्रत्येक लेकराला हे पहिल्याच दिवशी, रागवून का होईना, सांगितलंच पाहिजे.

चेन वाळली की तिला ऑईल. पुस्तिकेत गिअरचं जाड ऑईल सांगितलेलं असतं, ९० नंबर म्हणून दुकानात मिळतं. ते थेंब थेंब करून कड्यांच्या सांध्यात सोडायचं आणि वरचं पुसून टाकायचं. गावात दोन रिवाज आहेत, दोन्ही मला पटत नाहीत. एक ग्रीस थापण्याचा. ग्रीस सांध्याच्या आत शिरत नाही, वरच बसतं आणि धूळ धरून ठेवतं, मग तीच धूळ चेनला कानशीसारखी खाते. दुसरा रिवाज इंजिनमधून निघालेलं काळं ऑईल चेनला घालण्याचा. इंजिनच्या झिजेची सगळी घाण त्यात असते. चेनच्या आयुष्यापुढं ९० नंबरच्या छोट्या बाटलीचे पैसे काहीच नाहीत.

मग ताण. खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करायची. खेळ २० ते ३० मिलिमीटर हवा. एकाच जागी मोजून भागत नाही. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावं, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, आणि जिथं ती सगळ्यात ताठ आहे तिथला खेळ धरावा. सैल चेन वाजते म्हणून लोक तिला वीणेच्या तारेइतकी ताणतात. मागं भार बसला की चाक वर सरकतं, चेन आणखी ताणली जाते आणि पुढच्या सॉकेटच्या बेअरिंगवर सगळा ओढा येतो. भार ओढणाऱ्या गाडीची चेन आवळून ठेवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

दोन्ही बाजूंच्या ताण्यांवर रेघा असतात. डावी-उजवीकडची रेघ एकाच आकड्यावर हवी, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका अंगाने खातो. चेनच्या लॉकची पत्ती बसवताना तिचं बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं, उघडं तोंड मागं. उलटी बसली तर कव्हरला घासून पत्ती निघून जाऊ शकते.

मागच्या सॉकेटचे दात वाकडे व्हायला लागले आहेत, टोकं एका बाजूला झुकलेली दिसतात. यंदा बदलावं लागणार. बदलायचं तर चेन आणि दोन्ही सॉकेट मिळून सेट. जुन्या सॉकेटवर नवी चेन टाकली की नवीही लवकरच जुनी होते.

बारा

प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल ही कामं अंगणाच्या पार टोकाला, लिंबाच्या सावलीत. घरात नवरात्राचा अखंड दिवा तेवत असतो. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. चूल, दिवा, विडी यांच्याजवळ कार्बोरेटर उघडायचा नाही.

हे दिवस सोयाबीनच्या मळणीचे. मळणी यंत्राशेजारी गाडी उभी करून काम बघणारे सगळेच असतात, आणि तिथली धूळ भुशासकट फिल्टरवर बसते. माझ्या जुन्या मॉडेलला स्पंजचा फिल्टर आहे. तो धुवायचा, पिळायचा नाही, दाबायचा, वाळवायचा, मग स्वच्छ ऑईलमध्ये भिजवून जास्तीचं दाबून काढायचं. तेलकट स्पंजच धूळ धरतो, कोरडा धरत नाही. नव्या गाड्यांतला कागदी फिल्टर धुण्याचा नसतो, तेल लावलेला कागदी तर झटकायचाही नसतो. तो बदलायचा. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरची आमच्या धुळीत वाट बघू नये.

प्लगच्या टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन बरं जळतं आहे. काळा कोरडा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बुजलेला. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापतं आहे.

पेट्रोलचा मामला अलीकडं बदलला. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. यातलं इथेनॉल साखर कारखान्यांतूनही येतं, आणि आमचा जिल्हा उसाचा. शेतकरी म्हणून मला त्याचं मोल कळतं. पण जुन्या गाडीवाला म्हणून काळजी घ्यावी लागते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली, त्यात दमट हवा, तर पाणी तळाला साचू शकतं. म्हणून कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतो. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. जुने रबरी पाइपही या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. बोटांनी वाकवून बघावेत, भेगा दिसल्या किंवा फुगून मऊ पडले तर लगेच बदलावेत.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना बहुधा कार्बोरेटरच नाही, इंजेक्शन आहे. ज्यांच्याकडं तशी गाडी आहे त्यांनी हे काम यादीतून काढावं. बाकी सगळी यादी त्यांनाही लागू.

दुपारी दोन

अश्विनातलं ऊन कडक असतं. जेवण नाही म्हणून झोपही येत नाही. सावलीत बसून हळूहळू होणारी कामं या वेळेला.

आमच्या आण्णांकडं राजदूत होती. टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायचं, सायलेन्सरमधली काजळी ठरावीक दिवसांनी खरवडायची. त्या पिढीतला गाडीवाला निम्मा मिस्त्री असायचाच, कारण गाडी त्याला सोडत नव्हती. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, चार-स्ट्रोकची, पेट्रोल पुरवून पुरवून चालणारी. तिची जाहिरातच अशी होती की पेट्रोल भरा आणि विसरून जा. १९९४ साली स्प्लेंडर आली. गाड्या खरोखरच इतक्या चिवट निघाल्या की माणसं पेट्रोल सोडून बाकी सगळंच विसरली. पोराला गाडी चालवता येते, पण चेन किती सैल हवी ते ठाऊक नसतं, हे तेव्हापासूनचं आहे असं मला वाटतं.

ब्रेक. मागचं चाक चेनसाठी मागं सरकवलं की ब्रेकचा खेळ बदलतो, म्हणून ब्रेक नेहमी चेनच्या नंतर. पायाच्या दांडीला २० ते ३० मिलिमीटर मोकळा खेळ, हाताच्या ब्रेकला आणि क्लचला १० ते २०. ड्रमवर एक छोटा बाण असतो. ब्रेक पुरता दाबल्यावर तो समोरच्या खुणेशी आला तर लायनर संपले. बाण सोडून नटच आवळत राहणाऱ्यांचे ब्रेक एके दिवशी दगा देतात. ड्रम उघडला तर आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ती छातीत जायला नको, जुन्या लायनरची तर मुळीच नको.

आऱ्या. छोट्या पान्याने एकेका आरीवर टिचकी मारत चाक फिरवायचं. ताणलेली आरी टणकन् वाजते, सैल झालेली बद्द वाजते. दुधाचे कॅन आणि खताच्या पिशव्या वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकात अशी एखादी सापडतेच. एक-दोन असतील तर थोडं आवळावं. जास्त असतील तर चाक काढून मिस्त्रीकडं, कारण नुसतं आवळत गेलं की रिंग वाकडी होते.

केबलमध्ये ऑईलचे थेंब, साइड स्टँडच्या बोल्टला ग्रीस.

साडेचार

बत्त्या. हे दोन मिनिटांचं काम, पण आमच्या रस्त्यावर त्यावर जीव अवलंबून असतो. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावायला लागतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेला असतो, आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला अंधारात तशीच उभी राहते. मोटारसायकलवाल्याला ती दिसली तर आपल्याच हेडलाइटमध्ये. म्हणून काच आतून-बाहेरून पुसायची, गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाश कुठं पडतो ते बघायचं. तेही मागं माणूस बसवून, कारण भार आला की पुढचं तोंड वर उठतं आणि प्रकाश झाडावर जातो. मागचा दिवा पायाच्या आणि हाताच्या दोन्ही ब्रेकने लागला पाहिजे. मडगार्डला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवावी. ती स्वस्तात मिळते आणि बल्ब गेला तरी काम करते.

साडेपाच

फिरवून बघायची वेळ. निघण्याआधी मागच्या चाकाचा नट, ब्रेकची दांडी, ऑईलचा बोल्ट आणि हँडलचे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून बघायचे. दिवसभर जिथं जिथं पाना लागला तिथं तिथं. रुईभरच्या दिशेने थोडं अंतर, आधी हळू. रिकाम्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघायचे. मग चौथ्या गिअरवर सोडायची. चेनचा आवाज गेला. चढावर इंजिन ओढ घेतं. परत आल्यावर गाडी उभी होती तिथली जमीन वाकून बघायची, थेंब पडला आहे का ते. नव्हता.

सात

काढलेलं काळं ऑईल नव्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं. गावात ते कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, काही जण उकिरड्यावर ओततात. मी ते ऑईल विकणाऱ्या दुकानात परत देतो, तिथून जुनं ऑईल गोळा करणारे नेतात. विहिरीच्या काठावर, ओढ्यात, रानात ते कधीच ओतू नये. ज्या पाण्यावर दोन बादल्यांचा हिशेब करतो तेच पाणी त्याने खराब होतं.

पाने डिझेलने पुसून खुरपी-विळ्यांशेजारी ठेवले. उद्या त्यांनाही हळद-कुंकू लागेल.

शेवटचं काम वहीचं. तारीख, मीटरवरचा आकडा, काय केलं आणि काय राहिलं. कंपनीने ऑईलला जेवढे किलोमीटर दिले आहेत त्याच्या साधारण निम्म्यावर मी पुढची खूण करतो, कारण आमचे निम्मे किलोमीटर मातीतले. पुढचा लायनर अजून चालेल. पेट्रोलचा पाइप या आठवड्यातच. मागचा टायर दिवाळीच्या आधी, ट्रॉल्या सुरू होण्याआधी. चेन-सॉकेटचा सेट सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर, हरभऱ्याची पेरणी उरकली की.